चौथा स्टड

पोळ्यानंतरचा सोमवार: वारंगा फाट्यावरील गॅरेजात माझ्या जुन्या जीपचे इंजिन जोडले गेले. गुरुवार: इंजिनातून पाणी गळले. शनिवार: मी तक्रार लिहिली. जबाबदार व्यक्ती: गॅरेजचा मिस्त्री, एकटाच. ही यादी माझ्या स्वाक्षरीची आहे, आणि ती खोटी आहे.

कोर्टात आयुष्यभर कारकुनी केल्याने समोर बसून काम करून घेण्याची मला खोड. इंजिनाचे हेड, म्हणजे वरचे झाकण, ज्या उभ्या बोल्टांवर आवळले जाते, ते स्टड मिस्त्री इंजिनाच्या ब्लॉकमध्ये बसवत होता. प्रत्येक भोक चिंधीने कोरडे करायचा आणि स्टड नुसत्या बोटांनी फिरवायचा.

"पाना का लावत नाही?" मी विचारले.

"स्टड हातानंच बसवायचा, साहेब. जोर नटावर, तेबी हेड ठेवल्यावर. अन् भोकात तेलाचा थेंब न्हाई पाहिजे. तेल दबत न्हाई, मंग लोखंड फुटतं."

"हे कुठे लिहिले आहे?"

"लिवलेलं तुमच्या कोर्टात. इथं हात सांगतो."

चहा घेऊन आलेला हॉटेलवाला खो-खो हसला. ते हसणे मला झोंबले.

मिस्त्री हेडखाली घालायची गॅस्केट आणायला गेला. मी चौथा स्टड काढला, गंजू नये म्हणून भोकात तेल ओतले, आणि वर दोन नट एकमेकांवर आवळून पान्याने स्टड जोर लावून आत नेला. 'टिक' असा बारीक आवाज झाला. मी पाना पुसून जागेवर ठेवला. तो परतला तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत होतो.

गुरुवारी चौथ्या भोकापाशी केसाएवढी चीर सापडली. मिस्त्री ती बोटाने चाचपत राहिला. "माझ्याच हातानं झालं असल, साहेब," तो म्हणाला.

खरे सांगायचे ते तेव्हाच होते. त्याऐवजी मी चार पानी तक्रार लिहिली आणि तिची प्रत समोरच्या चहाच्या हॉटेलच्या भिंतीवर स्वहस्ते चिकटवली. हळूहळू ट्रॅक्टरवाले पलीकडच्या गॅरेजात जाऊ लागले. परवा मी तिथून जात होतो. रिकामा बसलेला मिस्त्री उठला आणि त्याने मला बसायला स्टूल पुढे केले.

काल ती प्रत मी फाडली. तिच्या जागी आता मीच लिहिलेली, माझ्यावरचीच नोटीस आहे: येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता, मिस्त्री व त्याच्या गिऱ्हाइकांसमक्ष, तक्रारदाराने स्वतः उभे राहून उत्तर द्यावे. चौथ्या भोकात तेल कोणी ओतले, आणि तो आवाज ऐकूनही आपण गप्प का राहिलात?