लॉफ्टची टूर

न्यू जर्सीतल्या एका जुन्या गिरणीत लॉफ्ट, म्हणजे हॉलसारखं एकच मोठं मोकळं घर, घेतल्यापासून आमच्या ऑफिसातला हा पुणेकर भिंतींच्या नावाने बोटं मोडतो. "भिंती म्हणजे मिडल क्लास मेंटॅलिटी, यार! लाइट फ्लो झाला पाहिजे." हे म्हणताना डोळे मिटतो, जणू समाधीच लागली. होत्या त्या भिंती त्याने पाडल्या, पडदे लावू दिले नाहीत आणि गिरणीचे गंजके पाइप मात्र पॉलिश करून मिरवतो. पाहुण्यांनी बूट काढायच्या आत टूर सुरू.

परवा आम्ही गेलो, तर पुण्याहून आलेली त्याची आई कुठे दिसेना. "असेल इकडेच कुठेतरी," तो म्हणाला. एवढ्या मोकळ्या, लख्ख घरात माणूस हरवतं कसं, मला कळेना.

टूर संपता संपता त्याने कपड्यांच्या खोलीचं दार उघडलं. बाथरूम सोडलं तर अख्ख्या घरात दार तेवढं एकच. आत काकू बॅगेवर बसल्या होत्या, समोर खोक्यावर देव मांडून. आम्हाला बघून पदर सावरत उठायला लागल्या.

"आणि हे स्टोरेज," तो म्हणाला, आणि त्याने दार लावून घेतलं.