समोरच्या डोंगरावरचा तांबडा ठिपका

चकवा, उतारा, भूतबाधा... असलं मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. शाळा तिसरीतच सुटली, तेव्हा लिहिण्यात चुका असतील, सांभाळून घ्या. पण घडलं ते असं.

साल छप्पन-सत्तावन असेल. माझं माहेर परांड्याकडचं, सपाट मुलखातलं. लग्न होऊन आले ती थेट वेल्ह्याच्या डोंगरात, पासलीला. पहिल्याच वर्षी हिवतापानं धरलं. समोरच्या डोंगरावर धनगरांचं एकच घर होतं, तिथली ठकूमावशी रोज दरी उतरून मला दूध आणून द्यायची. त्या दुधावर मी उठले. पुढं आमचं ठरूनच गेलं – दिवेलागणीला तिनं दारच्या शेकोटीत वाळकी कारवी टाकायची, की एकदम भडका उठायचा, आणि मी इकडून कंदील हलवायचा. म्हणजे दोन्हीकडं ठीक. आमचे हे विचारायचे, "आली का माहेरची तार?"

त्या वर्षी दिवाळीनंतर तिचा मुलगा आणि सून भातकापणीला उत्रोलीकडं गेली. मावशी एकटी राहिली. मग काही दिवसांनी भडका दिसेनासा झाला, नुसता तांबडा ठिपका. काळजी करायचा माझा स्वभावच. तरी मनाला समजावलं – उजेड आहे ना, मग मावशी आहे.

अशात एका संध्याकाळी शाळेच्या गुरुजींनी गावाला दुर्बिणीतून आकाश दाखवलं. आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी एक दिसली, धुरकट डागासारखी. ते म्हणाले, हिच्यात अजून नवे तारे जन्मतात, पण काही आकाशगंगांमधला वायू संपतो. मग नवीन काही पेटत नाही. निळे, झगझगीत तारे लवकर जळून जातात, म्हातारे तांबडे तेवढे उरतात. लांबून बघणाऱ्याला उजेड दिसतच राहतो.

"मग अशी आकाशगंगा मेली म्हणायची का?" मी विचारलं.

"मेली नाही, बाई. पण जळण संपलं तिचं."

मी वळून डोंगराकडं बघितलं. ठिपका तसाच होता, तांबडा. ह्यांना म्हटलं, मावशीचं काही बरं दिसत नाही, तर म्हणाले, "मलाबी दिसतुया की, कशाला घाबरतीस?" पण रात्रभर माझी तळमळ बघून उजाडताच माझ्याबरोबर निघाले.

मावशी उंबऱ्याच्या आत पडलेली. कंबर धरलेली, हाताशी पाण्याची घागर तळाला गेलेली, ओठ सुकलेले, पण श्वास चालू होता. ह्यांनी गावातून माणसं आणली, त्यांनी घोंगडीची झोळी करून तिला वेल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. वाचली.

पण निघताना मी शेकोटी बघितली होती. राख दवानं थापून बसलेली, तिच्यावर कोंबड्यांची पावलं उमटलेली. हात घातला, तर तळापर्यंत गार.

बरी झाल्यावर मी तिला विचारलं. म्हणाली, "पडल्यापास्नं म्या इस्तू पेटवलाच न्हाई, पोरी. कशी पेटवनार?"

"पण आमी दोघांनी बघितला, मावशी. रोज."

"भडका व्हता?"

"न्हाई. नुसता तांबडा."

ती म्हणाली, "तांबडा व्हता, तर मग मीच आसंन त्यो."

गुरुजींनाही सांगितलं. ते म्हणाले, ताऱ्याचा जुना उजेड मागून पोचतो हे खरं, पण एवढीशी दरी ओलांडायला त्याला वेळच लागत नाही.

मावशी त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. रोज कारवी टाकायची, आणि भडका उठेपर्यंत मी कंदील हातातच धरून उभी असायची. त्या दिवसांत तिकडं काय जळत होतं, ते मला अजून कळलेलं नाही.