साखळी प्रार्थनेत जमलेलं लग्न

माझ्या थोरल्या भावाचं लग्न ठरलं, तेव्हा दोन्ही घरांतलं कुणीही एकमेकांशी एक शब्द बोललं नाही. सगळे फक्त देवाशी बोलत होते.

याला जबाबदार मी. तसं आमच्या घरात कशालाही जबाबदार मीच असते, पण या वेळी साक्षीदारही होते.

मुळात मी वाढले पत्रकांवर. पप्पा नगर जिल्ह्यातून बोईसरला कारखान्यात नोकरीला आले ते एक ट्रंक घेऊन. तिच्यात वर दोन जोड कपडे आणि खाली गच्च भरलेली येशूच्या सुवार्तेची पत्रकं. इतर मुलं राजाराणीच्या गोष्टी वाचत होती, तेव्हा मी ‘तुझा दिवा विझला तर नाही ना?’ वाचत होते. या पत्रकांच्या नावांपुढे नेहमी प्रश्नचिन्ह असायचं, त्यामुळे माझ्या बोलण्यातही ते आलं. पाहुणे दारात चपला काढतायत तोवर मी विचारायची, “काका, आज रात्रीच जावं लागलं तर तुमची तयारी आहे का?” (एक काका खरंच पिशवी उचलून परत निघाले होते. त्यांना वाटलं, आमच्याकडे झोपायला जागा नाही.)

तर यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळात माझ्या हाती एक नवं पत्रक आलं. मोघम प्रार्थना म्हणजे पत्ता न लिहिलेलं पाकीट, असं त्यात म्हटलं होतं. माणसाचं नाव घ्या, अडचण सांगा, काय हवं ते स्पष्ट मागा. मी पेटले. रोज पहाटे अर्धा तास चिंतन सुरू केलं आणि घरच्यांच्या श्रद्धेची तपासणीही. तपासणीत सगळेच नापास झाले. पप्पा पहिली पाळी करून आल्यामुळे संध्याकाळच्या उपासनेत डोळे मिटायचे ते झोपण्यासाठीच. प्रकाशदादाची प्रार्थना म्हणजे दुसऱ्याच्या प्रार्थनेला जोडलेलं “आमेन”. आणि आई प्रार्थनेत आम्हाला रागवायची. “हे प्रभू, पलंगावर ओला टॉवेल टाकणाऱ्याला तू क्षमा कर. मी केलेली नाही,” असं ती अगदी भक्तिभावानं म्हणायची, आणि दादा डोळे न उघडता उठून टॉवेल वाळत घालून यायचा.

हे मला फार खटकायचं. प्रार्थना काय घरच्यांना टोमणे मारण्यासाठी असते? मी आईला तसं सुनावलंही. आईनं त्या संध्याकाळी माझ्यासाठी नम्रता मागितली.

अशातच दादा एकदा मला गच्चीवर घेऊन गेला. दादा स्वतःहून बोलतो तेव्हा काहीतरी गंभीर असतं, कारण एरवी तो पाणीसुद्धा खुणेनं मागतो. बराच वेळ टाकीला टेकून उभा राहिल्यावर त्यानं सांगितलं, की त्याला राहेलशी लग्न करायचंय.

राहेल आमच्याच मंडळीतली, म्हणजे आमच्याच चर्चची. बेटेगावहून बोईसरला औषधांच्या पॅकिंगला येणारी, शांत, हसरी मुलगी. तक्रार करण्यासारखं तिच्यात काहीच नव्हतं. तिच्या आईत होतं. म्हणजे माझ्या आईच्या मते होतं.

राहेलची आई मार्थामावशी मूळच्या बेटेगावच्या. नवरा लवकर गेला, भाजीची वाडी करून त्यांनी एकटीनं मुलगी वाढवली. त्यांचं आणि आईचं भांडण उपासनेतल्या गीतावरून होतं. आमच्याकडे पेटी वाजवणारं कुणी नाही, त्यामुळे जी बाई आधी गीत उचलेल तिच्या पट्टीत मंडळी गाते. आई वरच्या पट्टीत उचलते, मार्थामावशी खालच्या. एका रविवारी दोघींनी एकच गीत एकाच वेळी उचललं आणि शेवटच्या कडव्यापर्यंत कुणीही माघार घेतली नाही. उजवीकडचे लोक आकाशात, डावीकडचे पाताळात, आणि मधल्या बाकांवरचे नुसतेच तोंड हलवत होते. तेव्हापासून दोघी एकमेकींना नमस्कारसुद्धा पाळकसाहेबांमार्फत करायच्या.

म्हणून दादाची जीभ उचलत नव्हती. आणि आता वेळही उरला नव्हता. रविवारी राहेलला पाहायला संगमनेरचा मुलगा येणार होता. मुलगा चांगला होता, मार्थामावशींच्या मनात भरला होता, पसंती आली तर तिथंच साखरपुड्याचं बोलणार होत्या.

“मग आईशी बोल ना,” मी म्हटलं.

“बोलतो. आधी तू प्रार्थना कर. पण एस्तू, कुणाला सांगू नको हां.”

मी शब्द दिला. आणि मी तो पाळला, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. मी कुणाही माणसाला सांगितलं नाही.

बुधवारी संध्याकाळी प्रार्थनासभा आमच्या घरी होती. सभा आळीपाळीनं प्रत्येकाच्या घरी भरते, आणि चहा-नाश्ता ज्याचं घर त्याचा. आईनं सतरंजी टाकली, पोहे करून झाकून ठेवले, आणि प्रार्थना उरकेपर्यंत तापेल अशा बेतानं दुधाचं मोठं पातेलं बारीक गॅसवर चढवलं. बाहेरच्या खोलीत सगळे गोल बसले. मी, माझ्या शेजारी राहेल, मग मार्थामावशी, मग नेमकी आई (उशिरा आल्यामुळे तिला तेवढीच जागा मिळाली), मग पप्पा, दादा आणि पाळकसाहेब. बाकीची मंडळी पलंगावर आणि दाराशी.

पाळकसाहेबांनी साखळी प्रार्थना सांगितली. म्हणजे एकानं सुरू करायचं, मग त्याच्या शेजाऱ्यानं, असं गोल फिरत शेवटी पाळकांनी समाप्ती करायची. तोवर डोळे मिटलेले, आणि मधे कुणी प्रार्थनेशिवाय बोलायचं नाही. हा नियम आमच्याकडे इतका कडक आहे, की एकदा एका आजोबांच्या पायावर झुरळ चढलं तर त्यांनी झुरळासाठी प्रार्थना केली होती.

“सुरुवात कोण करतंय?” पाळकसाहेबांनी विचारलं.

अर्थातच मी.

मी देशासाठी केली, पावसासाठी केली, आजाऱ्यांची नावं घेतली, आजारांचीही घेतली. जीभ सैल झाली होती, आवाज चढला होता, आणि आपलं पाकीट पत्त्यासकट चाललंय याचं समाधान अंगात भिनलं होतं. त्या भरात मी म्हटलं, “आणि प्रभू, आमच्या प्रकाशदादाला धैर्य दे. त्याला राहेलशी लग्न करायचंय, पण तो आईला घाबरतो. आणि मार्थामावशी रविवारी संगमनेरच्या मुलाला बोलावतायत, तो कार्यक्रम तू तुझ्या बळकट हातानं मोडून टाक. आमेन.”

कुणीच आमेन म्हटलं नाही. पंख्याचा आवाज एकदम मोठा झाला.

आता माझ्या शेजारी राहेलची पाळी. “प्रभू, तुझी इच्छा पूर्ण होवो,” ती इतक्या हळू म्हणाली की पंखासुद्धा ऐकायला थांबला असता. “माझीही तीच आहे. आमेन.”

मग मार्थामावशी. त्यांनी आधी एक लांब श्वास घेतला.

“देवा बापा, तुला ठाव हाय, ही पोर मी एकटीनं वाढवली. रविवारी देवळात फुलं ठेवायला लवकर जाते म्हनायची. आता कळलं कसली फुलं. बापा, पोरगा वाईट हाय असं मी म्हनत नाय. पन तिला असल्या घरात नको घालू, जिथं गीत आभाळात नेऊन ठेवतात आन् मग कुनाचाच गळा पोचत नाय.”

आमेन त्यांनी म्हटलं की नाही आठवत नाही, कारण आई सुरू झाली होती.

“दयाळू पित्या, गीत वर न्यावं लागतं, कारण काही लोक ते विहिरीत सोडतात. ते जाऊ दे. तू मला मुलगा दिलास, पण त्याची जीभ कुठे ठेवलीस? जन्मदात्या आईला सांगितलं नाही. बहिणीला सांगितलं. तेही हिला. ही कशी आहे ते तू पाहतोसच.”

मी म्हणत होते ना, प्रार्थनेत टोमणे मारणं वाईट? पण हे सांगायला माझी पाळी होऊन गेली होती.

पुढची पाळी पप्पांची होती, पण पप्पांच्या बाजूनं संथ श्वास ऐकू येत होता, आणि साखळी तिथंच अडकून उलट फिरली. मार्थामावशींनी देवाला सांगितलं, की मुलीला कामाची पाळी संपवून घरी आल्यावर आयता चहा मिळेल असं घर हवं. आईनं देवाला कळवलं, की या घरात सुनेला चहा आयता मिळेल, पण त्या मिळालेल्या चहाला नावं ठेवणारी माणसं येऊ नयेत. मार्थामावशींनी मागच्या नाताळातल्या आमच्या करंज्या देवाच्या नजरेस आणून दिल्या. पलंगावरून कुणीतरी खोकलं. ते खोकणं नव्हतं.

इतक्यात स्वयंपाकघरातून फस्स असा आवाज झाला आणि करपट वास सुटला. दूध! आईची बोटं माझ्यापर्यंत ऐकू येतील इतकी चुळबुळली. पण उठली तर शेवटचा शब्द मार्थामावशींचा ठरणार होता. आई बसून राहिली. पातेलंभर दुधावर तिनं पाणी सोडलं, पण मैदान सोडलं नाही.

मग मी ते केलं, जे कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नाही. मी एक डोळा उघडला. आई आणि मार्थामावशी हात जोडून, डोळे टक्क उघडे ठेवून एकमेकींकडे पाहत होत्या आणि दोघींचीही प्रार्थना चालू होती. पाळकसाहेब स्वयंपाकघराकडे पाहत होते. राहेल सतरंजीची दशी ओढत होती. आणि दादा... त्यानं मात्र डोळे खरोखर मिटले होते, इतके घट्ट, की कपाळावरची शीर उठून आली होती. सगळ्या खोलीत तेवढा एकच जण प्रार्थना करत होता.

मी डोळा मिटला. पहिल्यांदाच मला जरा लाज वाटली.

आणि तेव्हा पप्पा जागे झाले. (ते आजही म्हणतात, मी जागाच होतो.) “प्रभू,” ते नेहमीच्या जाड आवाजात म्हणाले, “प्रकाश आणि राहेलच्या लग्नाबद्दल तुझे आभार मानतो. दोघी आयांना सुबुद्धी दिल्याबद्दल आभार मानतो. दूध उतू गेलंय, त्याबद्दलही आभार मानतो. आमेन.”

विनंतीला विरोध करता येतो. आभारांना कसा करणार? एकदा देवाचे आभार मानून झाले, की ती गोष्ट परत कशी घ्यायची, हे कुणालाच सुचेना.

आता पाळी दादाची. आयुष्यात त्यानं कधी चारचौघांत प्रार्थना केली नव्हती. मला वाटलं, आमेन म्हणून सुटेल, आणि रविवारी संगमनेरचा मुलगा येऊन पोहे खाईल.

“देवा,” तो म्हणाला, “मला बोलता येत नाही, तुला माहीत आहे. मावशींना सांग, मी राहेलला नीट सांभाळीन. आणि आईला सांग, मी भीत होतो, म्हणून लपवलं. तिला दुखवायचं नव्हतं.”

आईनं नाक ओढलं. मार्थामावशींचा पदर सळसळला.

“देवा बापा,” मार्थामावशी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खालच्याही पट्टीच्या खाली गेला होता, “त्याला सांग, आमी आयकलं.”

आई म्हणाली, “आम्ही पण.”

पाळकसाहेबांनी संधी साधली. समाप्तीच्या प्रार्थनेत त्यांनी लग्नविधी बोईसरला आणि जेवण बेटेगावला अशी देवाकडे विनंती केली, दोन्हीकडून हुंकार येईपर्यंत जरा थांबले, आणि घाईनं आमेन म्हणाले.

डोळे उघडल्यावर कुणी काहीच बोललं नाही. जे काही झालं ते देवाशी झालं होतं, माणसांत त्याची वाच्यता करणं बरं दिसलं नसतं. आई आत गेली, पातेलं पाहून आली आणि मार्थामावशींना म्हणाली, “कोरा चहा चालेल ना?”

“चालंल की. आपल्यात काय.”

संगमनेरच्या मुलाला त्याच रात्री फोन गेला.

मी मात्र विजयात होते. स्पष्ट मागितलं, मिळालं! दारात चपला घालणाऱ्या पाळकसाहेबांना मी तसं म्हटलंही. ते एक चप्पल घालून थांबले. “एस्तेर, तुझी अर्धी प्रार्थना देवाकडे गेली आणि अर्धी बेटेगावला,” ते म्हणाले. “तुझा भाऊ आज चारच वाक्यं बोलला. ती सगळी वर गेली.” आणि माझ्या खांद्यावर थोपटून, पोह्यांचा डबा घेऊन ते जिना उतरले.

दादा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. (हे आमच्या लक्षात यायलाच निम्मा आठवडा गेला.) पण पाळकसाहेबांचं बोलणं मला लागलं. मी आजवर देवाकडे तोंड करून शेजाऱ्यांशीच बोलत आले होते, आणि त्यालाच श्रद्धा म्हणत होते. म्हणून मी ठरवलं, आता पहाटेची प्रार्थना गप्प राहून करायची. दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायचं नाही. फक्त स्वतःचं पाहायचं. पहिल्या दिवशी मौनाचं महत्त्व सांगणारं एक जळजळीत पत्रक डोक्यात तयार झालं. दुसऱ्या दिवशी झोप लागली. पण नेटानं बसत राहिले, आणि हळूहळू काहीतरी दिसायला लागलं.

दादाचं लग्न होऊन राहेलवहिनी आता आमच्याच घरात आहे. पहाटे मी खिडकीपाशी डोळे मिटून गप्प बसले, की घरात सगळे दबकून चालतात. परवा आईला राहवलं नाही. “मोठ्यानं कर बाई,” ती म्हणाली, “निदान आज कुणाचं नाव घेतेयस ते तरी कळू दे. जीव टांगणीला लागतो.”

तिला काय सांगणार? त्या अर्ध्या तासात मी फक्त माझ्याच चुका आठवत असते, आणि उपवासकाळ संपून इतके महिने झाले तरी माझं आमेन काही येत नाही.