सासऱ्यांची दुपारची झोप

बोरिवलीच्या वन रूम किचनमध्ये मी गेमिंग लॅपटॉपवर ॲनिमेशनचं काम करते. लॅपटॉप पातळ, त्यामुळे लगेच तापायचा. मग त्याचे पंखे घोंघावायचे आणि सासऱ्यांची दुपारची झोप मोडायची. ते नुसती कूस बदलायचे. शेवटी मलाच राहवेना. लॅपटॉपची मागची बाजू जरा उचलून ठेवली आणि सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरला मिळणारी वीज थोडी कमी केली. काम रखडणार, हे मी धरूनच चालले होते. पण तापून मध्येच मंदावणारा प्रोसेसर आता एकसारखा चालत राहिला आणि काम उलट लवकर झालं, तेही पंखे न घोंघावता.

सासरे जागे झाले. "लाईट गेलेली काय गो?"

"नाही बाबा, कामच चाललं होतं."

त्यांनी लॅपटॉपला हात लावून पाहिला आणि चहा ठेवायला गेले.