रिलीव्हर आल्याशिवाय ड्युटी सोडायची नाही

काल भाचीच्या पोस्टवर मी काही लिहिलं नाही. "मॅनेजर प्रमोशन अडवतोय, काय करू?" याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते कमेंटमध्ये मावणारं नाही. माझंही प्रमोशन असंच अडलं होतं, १९८०च्या सुमाराला... सातपूरच्या एका कारखान्यात.

मी परचेसमध्ये टायपिस्ट. नाशिकरोडच्या कॉन्व्हेंटमधली, बावीस वर्षांची, इंग्लिश लिहायला मिळालं की खूश. आमचे भामरे साहेब सटाण्याकडचे. पत्रा नुसता हातात घेऊन त्याची जाडी, म्हणजे गेज, सांगायचे, पण इंग्लिश पत्र म्हटलं की घाम फुटायचा. ते मराठीत सांगायचे, मी झकास पत्र करायचे, खाली सही त्यांची.

तेव्हा एक्स्पोर्टचं नवीन खातं निघत होतं. असिस्टंटची जागा, स्वतःचं टेबल, स्वतःचा फोन... माझं नाव जवळजवळ पक्कं. बाबा मनमाडला रेल्वेत होते, त्यांनी तर अख्ख्या कॉलनीला सांगूनही टाकलं होतं.

त्याच आठवड्यात साहेबांनी एक चिठ्ठी दिली. कुणाच्या तरी वार्षिक रिपोर्टचा शेरा होता, मराठीत. "हे जरा भारी इंग्लिशमध्ये बसव गं. नाव मी टाकतो."

मी कसली सोडतेय... "ब्राइट, बट नॉट येट रेडी फॉर इंडिपेंडंट चार्ज." कुणाचं तरी नुकसान होतंय हे डोक्यातही आलं नाही. वाक्य किती छान जमलं, याचाच आनंद.

लिस्ट लागली. माझं नाव नव्हतं.

पर्सोनेलच्या बाईंनी समजूत काढायला म्हणून माझा रिपोर्ट वाचून दाखवला. अक्षर साहेबांचं... पण दुसऱ्या वाक्याला माझे कान तापले. तिसरं वाक्य मी त्यांच्या आधीच म्हटलं.

तशीच साहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले. "साहेब, तो शेरा माझ्यावरचाच होता?" त्यांनी चहाची बशी बाजूला सरकवली. मग एकदम घरच्या बोलीत आले, "तुना बिगर मनं कसं व्हई?" तुझ्याशिवाय माझं कसं होणार... एवढंच.

रविवारी मनमाडला गेले आणि बाबांसमोर रडून घेतलं. वाटलं, म्हणतील राजीनामा दे. बाबा म्हणाले, "आमच्या जागी उभा राहणारा रिलीव्हर आल्याशिवाय आम्हाला तरी कोण ड्युटी सोडू देतं? तू तुझा रिलीव्हर तयार कर."

"कोणाला करू? डिपार्टमेंटमध्ये इंग्लिश येतं कुणाला?"

"त्या साहेबालाच कर की."

सोमवारी डबा खाऊन झाल्यावर मी साहेबांपुढे दोनशे पानी वही ठेवली. म्हटलं, रोज एक पत्र, पंधरा मिनिटं. आधी चिडले. "आता या वयात मी बाराखडी गिरवू?" पण वही ड्रॉवरमध्ये गेली... आणि दुसऱ्या दिवशी तीच बाहेर आली. कोणी केबिनमध्ये आलं की तिच्यावर कोटेशनची फाइल सरकवायचे. पन्नाशीला टेकलेला माणूस, शाळेतल्या मुलासारखा.

राग गेला होता का माझा? नाही. कितीतरी दिवस मी शिकवायचेही आणि मनात शिव्याही द्यायचे. पण एकदा त्यांनी मला न विचारता एका सप्लायरला पत्र धाडलं आणि त्याचं नीट उत्तर आलं... तेव्हा ते उत्तर मला दाखवायला स्वतः उठून माझ्या टेबलापाशी आले.

वर्षाने पुन्हा रिपोर्ट आले. साहेबांनी एक कागद समोर ठेवला. "वाच. हात लावायचा नाही."

चारच ओळी होत्या. त्यांच्या अक्षरात, त्यांच्याच इंग्लिशमध्ये. शेवटची ओळ... "प्लीज रिलीव्ह हर. आय विल मॅनेज."

दोन ठिकाणी हात शिवशिवले माझे. पण पेन खाली ठेवलं.

एक्स्पोर्टला मी पुढे बरीच वर्षं काढली, पण इतकं चांगलं पत्र तिथे कधी हातात आलं नाही. त्यांनी माझं एक वर्ष खाल्लं, हेही मी विसरलेले नाही.

हे सगळं ऐकून भाची म्हणते, "मावशी, मी असते तर दुसरी नोकरी बघितली असती." तिचंही बरोबर असेल... तुम्ही माझ्या जागी असतात तर ती वही त्यांच्यापुढे ठेवली असतीत?