कानिफची गाडी ओढेना

कानिफनाथला स्वस्थ बसता येत नसे. जेवतानासुद्धा त्याचा गुडघा हलायचा, आणि त्याची बायको छबूबाई त्या गुडघ्यावर एक हात दाबून दुसऱ्या हाताने आमटी वाढायची. असा हा माणूस पठारावरच्या वस्त्यांवरून दूध गोळा करायचा आणि चंदनापुरीचा घाट उतरून संगमनेरच्या दूध केंद्रावर पोचवायचा. गाडी होती दुसऱ्या महायुद्धाच्या वेळची, लष्कराच्या लिलावात निघालेली जुनी पिकअप. तिच्या प्रत्येक बोल्टाला त्याचा हात लागलेला होता, नको त्या बोल्टालाही.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात ती गाडी ओढेनाशी झाली. एकदम बंद पडली असती तर परवडलं असतं. पण होळीच्या सुमारास ज्या चढणीवर ती दुसऱ्या गिअरमध्ये गुणगुणत जायची, तिथे पाडव्यानंतर पहिला टाकावा लागला, आणि वैशाखात तर पहिल्यावरही ती कण्हायला लागली. रोज थोडा थोडा उशीर. ऊन काही उशिरा येत नव्हतं. दोनदा दूध नासलं, कॅन परत आले, दूध घालणाऱ्या बायकांनी तोंडं फिरवली. केंद्रावर दूध तपासणारे माधवराव सज्जन, पण नियमाला पक्के. म्हणाले, "कानिफनाथ, आणखी एकदा नासलं तर ही फेरी दुसऱ्याला जाईल. मग माझ्याकडे बघू नका."

दुसरा म्हणजे एक टेम्पोवाला. तो वस्तीवर थोडाच येणार? डांबरी सडकेवर उभा राहून हॉर्न वाजवणार, आणि बायकांनी डोक्यावर दूध घेऊन सडक गाठायची. कानिफला त्याची काळजी होतीच, पण खरं सांगायचं तर त्याहून मोठी काळजी स्वतःची होती. फेरी गेली तर पहाटे उठून जायचं कुठे? घरी बसायचं? घरी बसणं त्याला तुरुंगापेक्षा वाईट वाटायचं.

मग त्याने गाडीचा पिच्छा पुरवला. प्लग काढून घासले. पेट्रोलची नळी फुंकून पाहिली. हवेच्या गाळणीतली धूळ झटकली. कार्बोरेटर उघडला, धुतला, परत बसवला, आणि विश्वास वाटेना म्हणून पुन्हा उघडला. संगमनेरच्या श्रीमंत नावाच्या मिस्त्रीने गॅरेजमध्ये बॉनेट वर करून इंजिन घुमवलं, तर ते ठणठणीत.

"चढाला जळका वास येतो, मिस्त्री," कानिफ म्हणाला.

"आसं बोल की मग. तेल जळतंय. पिस्टनच्या रिंगा गेल्या तुझ्या. इंजिन उतरवावं लागंल. गाडी इथं सोडून जा आठ-दहा दिस."

"तवर फेरी जाईल माझी!"

"मग घरी जा आन् नारळ फोड."

नारळ तर तो फोडतच होता. आदल्या दिवाळीत घाट उतरताना ब्रेक ढिले पडले होते आणि गाडी कठड्याला घासत जाऊन थांबली होती. माणूस वाचला, दूध मात्र रस्ताभर वाहिलं. तेव्हापासून दर अमावास्येला गाडीची पूजा. चाकापुढे नारळ, बंपरला लिंबू-मिरची, आणि हळदीकुंकू वाहिलं की हातात पाना घेऊन चारही चाकांचे ब्रेक जरा जरा आवळायचे. अंगारा लावावा तसा तो पाना फिरवायचा. पूजेचाच भाग झाला होता तो. त्यात विचार करण्यासारखं काही असतं, हे त्याच्या डोक्यातच नव्हतं.

एकदा छबूबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "आवं, अमुश्या झाली ना, की गाडी जास्तच जड व्हती."

"म्हंजी?"

"मला काय ठावं? मी आपलं बगते. अमुश्याच्या दुसऱ्या दिवशी तुमी हमखास उशिरा येता."

"म्हंजी कुनी करणी केलीया म्हन की सरळ!"

"मी कशाला म्हनू? तुमीच म्हनताय."

कानिफने डोकं खाजवलं, आणि वैशाखातल्या अमावास्येला पूजा दुप्पट जोरात केली. दोन नारळ फोडले. पानाही दुप्पट फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजरमावशी गाडीत पुढे बसली होती. वस्तीवरची सगळ्यांत जास्त दूध घालणारी बाई, तोंडाने फटकळ. संगमनेरला लेकीकडे निघाली होती. दुसरा इलाज उरला नव्हता, म्हणून आज दूध पोचवायचं आणि गाडी सरळ मिस्त्रीच्या दारात सोडायची, असं कानिफने ठरवलं होतं, मिस्त्रीला तसा निरोपही धाडला होता. दूध पोचेल की नाही हीच शंका होती. चढण लागली. वास सुटला. इंजिन बोंबलत होतं आणि गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत होती.

"कानिफा, मी उतरून चालू का? तुझ्या आधी पोचंन."

"मावशी, गप बसा हो!"

चढणीच्या मध्यावर गाडी थांबली. रेडिएटरचं पाणी उकळत होतं. "मावशी, पळा, मागच्या चाकाला धोंडा लावा, न्हाईतर मागं जाईल!" मावशी धोंडा घेऊन वाकली. चाकाला हात टेकला आणि ती किंचाळलीच. "आई आई गं! चाक हाय का तवा? पोळला की हात माझा!"

"धोंडा लागला का?"

"लावते, पन कशाला लावू? सरकतीया कुठं तुझी गाडी? खुंट्याला बांदल्यावानी उभी हाय."

कानिफने खाली पाहिलं. पाय ब्रेकवर नव्हता. हातब्रेक ओढलेला नव्हता. गाडी गिअरमध्येही नव्हती. एवढ्या उतारावर, दुधाने भरलेली गाडी, आणि ती इंचभरसुद्धा मागे जात नव्हती.

तो खाली उतरला. चाकाजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. दुसरं चाक, तिसरं, चौथं. चारही तापलेली. जळका वास इंजिनाचा नव्हताच, चाकांतून येत होता. बिचारं इंजिन महिनोन्‌महिने ब्रेक लावलेली गाडी चढावर ओढत होतं. थंडीत थोडं घासायचं. उन्हाळा लागला तसं सगळं तापून फुगून आणखीच घट्ट धरायचं. आणि हे कुणी केलं? ना टेम्पोवाल्याने, ना भानामतीने.

"काय झालं रं? तोंड का आसं झालं?"

"मावशी, मीच आवळलेत."

"मग सोड की! बगत काय बसलास? दूध तापतंय मागं!"

सोडायचे. बोलायला सोपं होतं. चढण संपली की पुढे घाटाचा उतार, तोच कठडा. त्याने जॅक लावला, ओलं पोतं हाताला गुंडाळलं आणि पाना घेतला. सैल केल्यावर पुन्हा आवळायला हात आपोआप वळायचा. मावशी त्या हाताकडे डोळे वटारून बघत होती. एकेक चाक हाताने गरकन फिरायला लागलं. शेवटचं झालं तशी गाडी मागे रेलून धोंड्यावर आली.

"आता सरकती बग," मावशी म्हणाली. "आता भ्या वाटतंय."

उरलेली चढण गाडीने दुसऱ्या गिअरमध्ये घेतली. माथ्यावर सपाटीला त्याने ब्रेक दाबून पाहिला, धरला. पुन्हा दाबून पाहिला. तिसऱ्यांदा दाबायला गेला तेव्हा मावशीने दंडावर चापट मारली. उतारावर त्याने गाडी गिअरमध्येच धरली, वळणापुरताच पाय लावला, आणि कठड्याजवळून जाताना श्वास घ्यायचा विसरला.

केंद्रावर माधवरावांनी घड्याळाकडे पाहिलं. कॅनचं झाकण उघडून वास घेतला. नळीत थोडं दूध घेऊन दिव्यावर उकळलं. कानिफ त्यांच्या मागे येरझाऱ्या घालत होता.

"उभे राहा हो एका जागी. नळी हलते माझी."

तो उभा राहिला. दूध उकळलं, फाटलं नाही. माधवरावांनी दुसऱ्या कॅनचं पाहिलं, तिसऱ्याचं पाहिलं. "ओता," ते म्हणाले. "उद्या मात्र वेळेवर आणा."

कॅन रिकामे होईपर्यंत कानिफ गाडीभोवती फिरून चाकांना हात लावत राहिला. कोमट होती. मावशी लेकीच्या घरी जायचं सोडून तिथेच उभी होती. "बस की मेल्या आता," ती म्हणाली.

"मिस्त्रीला सांगून येतो, इंजिन उघडू नको म्हनून."

"आन् काय सांगनार? बिघाड काय व्हता म्हनून?"

कानिफ थांबला. मिस्त्री हसणार, साऱ्या संगमनेरला सांगणार, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. मग तो गॅरेजच्या दिशेने चालायला लागला, नेहमीप्रमाणे भराभर.