शालूची रेघ आणि माझी पाठ

माझ्या भाचीला खेळाडू मी बनवलं, असं कोल्हापुरात अजून काही लोक मानतात. त्यांना तसं सांगणारा माणूस मीच आहे.

शालू माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, मुलगी. तेव्हा वय नऊ. हल्ली अशा मुलांना स्वमग्न म्हणतात. त्यांच्यासाठी डॉक्टर असतात, खास शिक्षक असतात, कुठला खेळ मानवेल हे बघणारेही असतात. आमच्या वेळी, स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती तेव्हा, यातलं काही नव्हतं. नुसता मी होतो! शालू बोलायची कमी, मोजायची फार. कुणी अंगाला हात लावलेला तिला खपायचा नाही, आणि मोठा आवाज झाला की दोन्ही हात कानांवर. शाळा मात्र जीव की प्राण. कारण तिथं पहिल्या तासानंतर दुसराच तास यायचा, कधी म्हणून चुकायचा नाही.

त्याच शाळेतनं एक दिवस अक्का डोळे पुसत आली. नव्या हेडबाईंचा नियम निघाला होता, की स्नेहसंमेलनात प्रत्येक मुलीनं एका तरी खेळात उतरायचं. शालूबद्दल त्या म्हणाल्या होत्या, "काहीच खेळणार नसेल, तर पुढच्या वर्षी तिला घरीच ठेवलेलं बरं."

"घरी ठेवली तर भिंतीकडं बघत बसंल रे ती, दिन्या," अक्का म्हणाली. "शाळा तुटली तर माझ्या पोरीला राहिलं काय?"

माझं रक्त तापलं. मी शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर कारकून, पण सकाळ-संध्याकाळ तालमीत. (पैलवान नव्हे. पैलवान ज्याच्यावर डाव शिकतात, तो.) मी मांडीवर थाप मारली. "रडतीस काय अक्का? महिनाभर पोरगी माझ्या हातात दे!"

"हातात नको," कोपऱ्यातनं शालू म्हणाली.

पहिल्यांदा लंगडी. लंगडी घालणारी पोरगी रिंगणात आली मात्र, शालू शांतपणे बाहेर जाऊन बसली.

"अगं, तुला शिवलं कुठं अजून?"

"शिवणार होती."

संपली लंगडी! मग खो-खो. इथं माझ्या आशेला पालवी फुटली, कारण ओळीत बसायला तिला मनापासून आवडलं. पण खो मिळाला तरी ही उठेना! (खोसुद्धा मी पाठीला हात न लावता, नुसता लांबनं ओरडून द्यायला लावला होता.)

"ऊठ की शालू! पळ की!"

"उठले की ओळ मोडते."

मी मैदानात शिरून तिला समजवायला लागलो, तर बाकीच्या पोरींनी मलाच हाकलून दिलं.

मग लेझीम. पन्नास लेझमी एकदम खणखणल्या आणि शालूनं आपली लेझीम नेऊन शाळेच्या हौदात टाकली. मग शेजारणीची टाकली. मग तिसरीची! हेडबाईंनी मला बोलावून घेतलं. हौदात उतरून लेझमी कोण काढणार, हे त्यांनी विचारलं नाही. नुसतं माझ्याकडं बघितलं.

शेवटी घरच्या घरी बैठका शिकवाव्यात म्हणून मी स्वतः मारून दाखवल्या आणि घाम पुसत म्हणालो, "बघ, झाल्या शंभर!"

"एक्केचाळीस," शालू म्हणाली. दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, पेपर वाचत होते. पेपर बराच वेळ हलत होता.

तोडगा निघाला, पण माझ्या डोक्यातनं नव्हे. अडतीच्या अंगणात माझी सायकल उभी असायची आणि शालू तिचं चाक तासन्‌तास फिरवत बसायची. मी एक लहान सायकल भाड्यानं आणली.

"मी मागनं धरतो हं."

"धरू नको."

"पडशील!"

"धरू नको!"

नाही धरलं. नुसता शेजारनं पळालो. तिसऱ्या दिवशी शालू झकास सायकल चालवत होती, आणि मी एकदा गुळाच्या ढेपांवर, एकदा बैलगाडीच्या जुवावर आणि एकदा हमालांच्या झुणका-भाकरीवर पडलो होतो. "मामा सहा वेळा पडला. मी शून्य," शालूनं घरी सांगितलं. (उरलेले तीन प्रसंग सांगण्यासारखे नाहीत.)

पण चालवायची कशी! अंगणातल्या फरशांच्या सांध्याची एक सरळ रेघ होती. त्या रेघेवर पुढचं चाक ठेवायचं आणि गोगलगायीलासुद्धा पुढं जाऊ द्यायचं! एकदा त्या रेघेवर कोंबडी येऊन बसली. शालूनं वाट सोडली नाही, पाय टेकला नाही. हँडल इकडं-तिकडं डुगडुगवत जागच्या जागी उभी! "एक, दोन, तीन..." सतराला कोंबडी उठली, तेव्हा ही पुढं निघाली.

"अगं पळव की!" मी कपाळाला हात लावला. "अशानं आजवर जिंकलंय का कोण?"

त्याच संध्याकाळी दाजींनी शाळेतनं आलेला खेळांचा कागद मोठ्यानं वाचला. धावणे, लंगडी, खो-खो, आणि अगदी तळाला, "सावकाश सायकल. पाय न टेकता सर्वांत शेवटी पोचेल ती पहिली."

मी कागद हिसकावला. पुन्हा वाचला. आणि अशी उडी मारली की फळीवरचा पोह्यांचा डबा अक्काच्या मांडीत आला! "अक्काऽ! अगं, आपली पोरगी आधीच तयार हाय की गं!"

इथं मी गप्प बसलो असतो तर सगळं गोडीत पार पडलं असतं. पण कोल्हापूरच्या माणसाला आनंद झाला की तो तालमीत सांगितल्याशिवाय पचत नाही. मी सांगितला. "रविवारी माझ्या भाचीची लढत हाय. या की समदे!"

रविवारी शाळेच्या मैदानावर फक्कीच्या पाच रेघा, पाच मुली, पाच सायकली. अक्का पदराचं टोक चावत उभी. शालूची नजर आपल्या रेघेवर. आणि फाटकातनं आमची अख्खी तालीम आत आली. फेटे बांधून! सगळ्यात पुढं मारुती, जुना पैलवान, गळ्यात चांगली शेकून तापवलेली हलगी.

मी आडवा गेलो. "मारुती, हलगी नको बाबा! पोरीला आवाज सोसत न्हाय!"

"लढत म्हटल्यावर हलगी नको व्हय? आसं कुठं आस्तंय?"

"जिंकल्यावर वाजव!"

"बरं बरं. हळूच वाजवतो."

शिट्टी झाली. आता कुस्तीचा रिवाज असा, की लढत थंड पडली की हलगी वाढवायची, म्हणजे पैलवानांच्या अंगात वारं भरतं. मारुती इमानी माणूस. त्यानं मैदानाकडं बघितलं. पाच पोरी, आणि एकबी पुढं सरकंना!

"थंड पडली की ओ लढत!" तो ओरडला आणि त्यानं हलगी वाढवली. पोरी जितक्या हळू, तितकी हलगी जोरात! तालीमवाले रंगात आले. "आरं, बगताय काय? हाणा की पायडल!" एकीनं घाबरून पाय टेकला. दुसरीनं खरंच पायडल हाणलं आणि ती सुसाट जाऊन पहिली पोचली, म्हणजे हरली. शालूचा चेहरा पांढराफटक. तिचा उजवा हात हँडलवरनं सुटला आणि कानाकडं निघाला. दुसरा हात सुटला की पोरगी पडणार, खेळ टाकून निघून जाणार, आणि शाळाही गेली! अक्कानं डोळे मिटून घेतले.

मी धावलो. धावलो तो थेट मारुतीवर झेप टाकून हलगी ओढली. मारुतीला वाटलं, झाली एकदाची लढत गरम! (अंगावर कोण येतंय, हे जुना पैलवान बघत नाही. आधी डाव टाकतो.) त्यानं मला खांद्यावर घेतलं आणि असला धोबीपछाड हाणला, की मी हलगीसकट उडालो आणि सातव्यांदा पडलो, या वेळी मैदानात उताणा. फक्कीच्या रेघेवर. शालूच्या!

मैदान चिडीचूप झालं. मी डोळे उघडले, तर नाकापासून हातभरावर सायकलचं चाक डुगडुगत होतं. शालूचे दोन्ही हात हँडलवर, पाय पायडलवर.

"मामा, रेघ सोड."

"उठतो गं बाई..." पण उठवतंय कुठं! कंबरेतनं अशी कळ गेली की दिवसा चांदण्या दिसल्या.

"एक," शालू म्हणाली. "दोन. तीन."

अक्कानं डोळे उघडले. तिला कोंबडीची गोष्ट माहीत होती. मी घरी दहा वेळा सांगितली होती. "दिन्याऽ! उठू नको! तुला माझी शपथ हाय, उठू नको!"

नवाला एक पोरगी पलीकडं पोचली. चौदाला दुसरी पोचली! हेडबाई धावत आल्या. त्यांनी शालूचे पाय बघितले, रेघ बघितली, मग मला बघितलं आणि हातातला कागद पालथा-सुलटा केला. "नियमांत मामाबद्दल काही लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या आणि शालूचं नाव पहिलं पुकारलं!

अक्का रडतही होती आणि हसतही होती. हेडबाई तिला म्हणाल्या, "शालूला पुढच्या वर्षी नक्की पाठवायचं. मामांना मात्र घरीच ठेवलेलं बरं."

दोघांनी धरून मला उभं केलं. आजवर माझी पाठ बऱ्याच जणांनी मातीला लावली होती, पण पाठ लागली म्हणून आपली बाजू जिंकली, असं एकदाच घडलं. शालूला मिठी मारावी असं फार वाटलं, पण हात मागं घेतले. ती जवळ आली. तिनं माझ्या हातातली हलगी काढून घेतली, चालत गेली आणि हौदात टाकली.

हेडबाईंनी माझ्याकडं नुसतं बघितलं. मी कंबर धरून हौदाच्या कठड्यावर चढलो आणि माझा पाय निसटला.

"आठ," शालू म्हणाली.